ऊन वाढणारी बाई

डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य गेला,
म्हणजे दरवर्षी जातो तसाच,
मुर्मान्स्क बंदरातल्या क्रेनमागे, कुणाला काही न सांगता.
सकाळी लावलेले दिवे
दुपारी दोनलाही सकाळचेच वाटत होते.

स्वयंपाकघरात टेबलाशी आई.
कपितोलिना येगोरोव्हना, वय एक्याऐंशी,
उजव्या खुब्यात दोन स्क्रू.
मी चमच्यात थेंब मोजते: एक, दोन, तीन.
हळू, ती म्हणते, चौथा पडू देऊ नकोस.
औषध आहे, मुरंबा नव्हे.

तिचा हात मापाचा.
एकतीस वर्षं ती बालवाडी क्रमांक एकोणीसमध्ये
ऊन वाढायची.

दुसरीकडे माणसं ऊन खात बसतात म्हणे,
भिंतीला टेकून, शेंगा सोलत, पोटभर.
आमच्याकडे त्याला वेळापत्रक होतं.
मंगळवार आणि शुक्रवार, तळमजल्यावरची खोली,
मधोमध क्वार्ट्झचा दिवा,
लोखंडी पायावर बगळ्यासारखा.
फरशीवर खडूचं वर्तुळ
आणि वर्तुळावर आम्ही बारा जण,
अंगात फक्त चड्ड्या,
डोळ्यांवर रबरी पट्ट्यांचे काळे चष्मे,
आंधळ्या बेडकांची शाळा भरावी तसे.

दिवा पेटला की हवेला वास यायचा,
जवळच कुठे वीज पडून गेल्यासारखा.
दाराच्या काचेआडून आई ओरडायची,
'पोट झालं! आता पाठ!'
आम्ही वळायचो.
पहिल्या दिवशी एक मिनिट. मग दीड. मग दोन.
जास्तीचं मागायचं नाही.

वेन्या शुबिन एकदा दुसऱ्या पंगतीतही घुसला.
आठवडाभर त्याच्या पाठीची सालं निघत होती
आणि आम्ही त्याच्यावर जळत होतो:
एकटाच उन्हाळ्याला जाऊन आला होता तो.

निघताना दारात चमचा, कॉडच्या काळजाचं तेल.
वर खारवलेल्या काकडीची चकती, चव मारायला.
गिळल्याशिवाय बूट मिळत नसत.
वेन्या गालात धरून ठेवायचा
आणि जिन्याखालच्या मांजरीला द्यायचा.
काय चकाकायची ती मांजर!

मुडदूस हा शब्द आई
दार लावून घेतल्यावरच उच्चारायची,
जणू तो जिन्यात उभा राहून ऐकतोय.
तिची धाकटी बहीण ग्लाफीरा, लढाईनंतरची.
सगळ्या फोटोंत बसलेली,
मांडीवर कायम एक शाल, पायघोळ.
मी एकदा विचारलं, मावशीला एवढी थंडी का वाजते?
आईनं कपाटातली भांडी पुन्हा लावायला घेतली.

परवा डॉक्टर एल्विरा रिनातोव्हनांनी
रक्ताचा कागद वाचला, चष्मा वर सरकवून पुन्हा वाचला.
'इतकं कमी? जन्मभर तर दिव्यापाशी होतात ना तुम्ही?'
'काचेमागे होते,' आई म्हणाली,
'काचेतून ते येत नाही.
हल्ली शिकवत नाहीत वाटतं.'

आज जानेवारी अर्धा सरलाय.
टेकडीवर गाव लोटलंय, थर्मास घेऊन, धिरडी घेऊन,
पोरं वडलांच्या खांद्यांवर.
दक्षिणेला कड तांबडी होते, आणखी तांबडी होते,
आणि मग येतो तो,
नखाएवढा.
माझ्या शेजारचा खलाशी उघड रडतो.

आई वॉकरवर रेलून बघते, एखाद्या
उशिरा आलेल्या शिपायाकडे बघावं तशी.
'नुसतं तोंड दाखवायला आलाय,' म्हणते.
'ह्यानं हाडांचं काही होत नाही.
हाडांना एप्रिल लागतो.'

मग दातांनी हातमोजा ओढून काढते.
मफलर सैल करते. कोटाचं वरचं बटण.
उणे सतरा आहे, आई!

ती मनगटावरच्या घड्याळाकडे बघते,
ओठ हलताहेत.
मग बर्फावर वॉकरचे चार पाय
एकेक उचलून, ठेवून, उचलून,
सावकाश वळू लागते.

'पोट झालं,' म्हणते.